व्हिडिओ पाहिला म्हणजे अभ्यास झाला का?

मगरिबनंतर इंद्रलोकमधल्या कुठल्याही इमारतीत डोकावले तर एक दृश्य हमखास दिसते. मुलगा किंवा मुलगी कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेली असते आणि स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, "अभ्यास चाललाय की टाइमपास?" उत्तर ठरलेले असते, "अभ्यासच आहे, अम्मी!" अम्मीचा विश्वास बसत नाही आणि मुलांना तो बसवता येत नाही.

भाईंदर पूर्वेच्या या वस्तीतून रोज सकाळी किती तरी मुले लोकल पकडून कॉलेज गाठतात. त्यांच्यापैकी काहींशी आणि त्यांच्या घरच्यांशी आम्ही निवांत बोललो. हे काही सर्वेक्षण नव्हते. मोबाईलवर शिकताना तुम्हाला नेमके काय आवडते आणि काय नको वाटते, एवढेच आम्ही विचारले.

आवडण्याची कारणे लगेच मिळाली. न समजलेला भाग पुन्हा ऐकता येतो, परतीच्या गाडीत जागा मिळाली तर एखादा धडा होऊन जातो. बी.कॉम.ला असलेली एक मुलगी म्हणाली, "भरल्या वर्गात हात वर करायला लाज वाटते. लिहून विचारताना कुणी वळून बघत नाही." नावडण्याची कारणेही तितकीच खरी होती. एकाने सरळ सांगितले, "व्हिडिओ ठीक आहे, पण मध्येच प्रश्न येतात आणि उत्तर चुकलं की मूड जातो. मी ते सोडून पुढे जातो."

आमच्या मते खरी गोम इथेच आहे. ज्याचा कंटाळा येतो, नेमके तेच बहुतेक वेळा शिकवून जाते.

2019 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. भौतिकशास्त्राच्या काही विद्यार्थ्यांनी उत्तम व्याख्यान ऐकले, तर काहींनी तोच भाग गटात बसून स्वतः प्रश्न सोडवत शिकला. चाचणीत प्रश्न सोडवणाऱ्यांना जास्त गुण मिळाले. गंमत म्हणजे आपण कमी शिकलो, असे त्यांनाच वाटत होते! हा प्रयोग वर्गातला होता, मोबाईलवरचा नव्हता, पण धडा तोच आहे. ओघवते बोलणे ऐकताना सगळे समजल्यासारखे वाटते आणि अडखळताना काहीच येत नाही असे वाटते.

2006 सालच्या आणखी एका अमेरिकी प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवून लिहिला. पाच मिनिटांनी पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात जास्त राहिले होते. परीक्षा पाच मिनिटांनी नसते, हे आपल्या मुलांना सांगायला हवे.

चांगली साधने मिळवायला पैसेही फारसे लागत नाहीत. केंद्र सरकारच्या 'स्वयम्'वर 2017 पासून विद्यापीठ पातळीचे अभ्यासक्रम मोफत शिकता येतात. प्रमाणपत्राच्या परीक्षेला तेवढी फी असते. 2021 च्या यूजीसी नियमांनुसार एका सत्रातील 40 टक्क्यांपर्यंत श्रेयांक अशा अभ्यासक्रमांतून घेता येतात, मात्र आपले कॉलेज ते धरते का, हे आधी विचारून घ्यावे. पवईच्या आयआयटीचे 'स्पोकन ट्युटोरियल' मराठीतूनही ऐकता येते. त्यात थोडे पाहायचे, थांबवायचे आणि स्वतःच्या संगणकावर तेच करून बघायचे, अशी पद्धत आहे. 'फेट'वर विज्ञानाचे प्रयोग बोटाने खेळून पाहता येतात, त्यातील बरेच मराठीत आहेत.

पण साधन मोफत असले तरी मोबाईल मोफत नसतो. एका घरात आम्हाला दोन शिकणारी मुले आणि एकच चांगला फोन दिसला. मुलीने 'एनपीटीईएल'चा अभ्यासक्रम घेतला होता. त्यात 25 गुण दर आठवड्याच्या स्वाध्यायांना आणि 75 केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेला असतात. भावाची परीक्षा जवळ आली, फोन त्याच्याकडे गेला आणि हिचे स्वाध्याय लागोपाठ चुकले. शेवटी तिने परीक्षेचा अर्जच भरला नाही. घरात भांडण झाले नाही की कुणी तिला "सोड" म्हटले नाही. पण फोन कुणाच्या हाती जाईल, हे न बोलताच ठरून गेले होते.

आता त्या घरात फ्रिजवर कागद लावला आहे. कोणत्या वेळी फोन कुणाचा, हे त्यावर लिहिलेले आहे. स्वाध्यायाच्या शेवटच्या तारखेला लाल खूण आहे. मुलीने पुन्हा नाव नोंदवले आहे.

तिच्या अम्मीने आणखी एक गोष्ट सुरू केली आहे. त्यांचे स्वतःचे शिक्षण सातवीपर्यंतचे. तरी रोज रात्री त्या म्हणतात, "बेटा, फोन बाजूला ठेव आणि आज काय शिकलीस ते मला सांग." आम्ही गेलो त्या दिवशी विषय होता मागणीची लवचिकता.

"अम्मी, मीठ दुप्पट महाग झालं तर तू कमी आणशील?"

"मीठ तर लागणारच."

"आणि बिस्किटं?"

"ती निम्मी करेन."

"बस, हेच ते!" मुलगी हसली. मग अम्मीने विचारले, "आणि तेल?" मुलगी थांबली, विचारात पडली आणि वही उघडून पुन्हा बसली.

अभ्यास चाललाय की टाइमपास, हे ओळखण्याची याहून सोपी रीत आम्हाला तरी दुसरी दिसली नाही. त्यासाठी आईबापांनी पदवीधर असण्याची गरज नाही. रोज दहा मिनिटे ऐकून घेतले तरी पुरे.