बुद्धिमापन : उद्देश आणि मर्यादा

१९०५ मध्ये पॅरिस येथे बिने व सिमोन यांनी बुद्धिमापन कसोटी तयार केली. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांना ओळखून विशेष शिक्षण देणे हा तिचा उद्देश होता. पुढे मानसिक वयाला प्रत्यक्ष वयाने भागून १०० ने गुणण्याची पद्धत रूढ झाली. उदा. १० वर्षांच्या मुलाचे मानसिक वय ८ असल्यास बुद्ध्यंक ८० येतो.

परंतु कसोटी परक्या भाषेत असेल, तर भाषेची अडचण हीच बुद्धीची उणीव समजली जाते. या दृष्टीने व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई-कर्नाटकातील मुलांसाठी केलेली बिने कसोटीची कन्नड व मराठी रूपांतरे महत्त्वाची ठरतात. म्हणून अध्यापकांनी बुद्ध्यंकावरून विद्यार्थ्याविषयी मत बनविण्यापूर्वी कसोटी कोणत्या भाषेत व कोणत्या मुलांवर प्रमाणित झाली, हे अवश्य तपासावे.