महारोहिणीचा विस्तृत विस्फार व त्यावरील शस्त्रक्रिया

महारोहिणी हृदयापासून निघून कमानीसारखी वळते व कण्यालगत छातीतून उदरात उतरते. तिच्या भित्तीस दौर्बल्य आले म्हणजे रक्तदाबाने ती फुगू लागते; हाच विस्फार होय. नलिका जो जो रुंदावते, तो तो भित्तीवरील ताण वाढतो व अखेरीस ती फुटते. औषधांनी दाब उतरतो. फुगलेली भित्ती मात्र पूर्ववत होत नाही.

उदरातील विस्फार काढून तेथे मृत व्यक्तीच्या रोहिणीचा तुकडा बसविण्याची शस्त्रक्रिया शार्ल द्यूबो यांनी १९५१ साली पॅरिस येथे केली. विस्फार छातीपासून उदरापर्यंत पसरलेला असल्यास मात्र खरी अडचण महारोहिणीची नसून तिच्या शाखांची असते. यकृत, आतडी, वृक्के आणि मेरुरज्जू यांना रक्त पुरविणाऱ्या शाखा याच भागातून निघतात. चिमटा लावून प्रवाह थांबविला की ही इंद्रिये उपाशी राहतात. ह्यूस्टनच्या क्रॉफर्ड यांनी फुगलेली पिशवी कापून काढण्याचे सोडून दिले. ती उघडून आत डॅक्रॉनची नलिका ठेवावयाची, नलिकेस खिडक्या पाडावयाच्या व शाखांची मुखे आतूनच त्यांना शिवावयाची. यात वेळ वाचतो, आणि येथे वेळ हेच सर्वस्व आहे. तरीही १९९३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या १,५०९ रुग्णांच्या वृत्तांतात सोळा टक्क्यांच्या पायांत कमीअधिक लुळेपणा आला होता. म्हणून आता चिमट्याखालील भागास पंपाने रक्त पुरवितात आणि मेरुरज्जूभोवतालचा द्रव काढून त्यावरील दाब उतरवितात.

कमानही फुगलेली असल्यास काम दोन टप्प्यांत करतात. पहिल्या वेळी नलिकेचे टोक खालच्या महारोहिणीत लोंबते ठेवावयाचे व दुसऱ्या वेळी त्यास पुढील नलिका जोडावयाची, ही बोर्स्ट यांची १९८३ ची युक्ती. तिला ‘हत्तीची सोंड’ म्हणतात. नाव मोठे समर्पक आहे.

पाश्चात्त्य ग्रंथांतील रुग्ण बहुधा वृद्ध असतो. आपल्याकडे तसे गृहीत धरणे धोक्याचे आहे. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. प्र. कु. सेन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली महारोहिणीच्या मध्यभागाच्या विकाराचे वर्णन केले. पुढे सेन, किणरे, केळकर व परुळकर यांनी महारोहिणीदाहाच्या १०१ रुग्णांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. हा दाह तरुणांना, विशेषतः स्त्रियांना होतो. त्याने रोहिणी बहुधा आकुंचित होते, क्वचित फुगते. दाह शमण्यापूर्वी घातलेले टाके भित्तीत धरत नाहीत व जोडाशीच नवा फुगवटा येतो.

गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावसारख्या गावी अशी शस्त्रक्रिया होणे नाही. पण दाहाची पहिली खूण तेथेही सापडू शकते. तरुण स्त्रीच्या एका मनगटाची नाडी क्षीण लागणे किंवा दोन्ही दंडांतील रक्तदाबात मोठा फरक असणे, ही ती खूण. दाब एकाच, त्यातही रोगग्रस्त दंडात मोजला, तर तो खोटाच कमी भरतो आणि रुग्णास निरोगी म्हणून घरी धाडले जाते.