दहा वर्षे दडलेली चूक : नेटवर्क प्रोटोकॉलची चाचणी अवघड का असते?

जून २०१९ मध्ये नेटफ्लिक्स कंपनीने लिनक्स या मुक्तस्रोत संगणक प्रणालीतील एक गंभीर त्रुटी जाहीर केली. ‘सॅक पॅनिक’ या नावाने ओळखल्या गेलेल्या या त्रुटीमुळे, पासवर्ड ठाऊक नसतानाही दूरवरून ठरावीक पॅकेटे पाठवून सर्व्हर बंद पाडणे शक्य होते. ही त्रुटी २००९ मधील २.६.२९ या आवृत्तीपासून प्रणालीत होती. सर्वांसाठी खुल्या असलेल्या कोडमध्ये ती दहा वर्षे दडून कशी राहिली?

संगणकाच्या नेटवर्कचे काम प्रणालीच्या गाभ्यातील, म्हणजे कर्नलमधील, ‘प्रोटोकॉल स्टॅक’ पाहतो. त्यातील ‘टीसीपी’ हा थर माहितीचे तुकडे करतो, पलीकडून त्यांची पोच घेतो आणि हरवलेले तुकडे पुन्हा पाठवतो. ‘सॅक’ म्हणजे निवडक पोच. मधले काही तुकडे हरवले, तरी कोणते मिळाले हे पलीकडचा संगणक तिच्याद्वारे कळवतो.

पाठवायच्या तुकड्यांची संख्या कर्नल १६ बिटांच्या रकान्यात ठेवत असे. त्यात ६५,५३५ हून मोठी संख्या मावत नाही. नेहमीच्या वापरात ती मर्यादा गाठली जात नाही. मात्र पलीकडच्या संगणकाने अवघ्या ४८ बाइट्सचे तुकडे मागितले, तर प्रत्येकात प्रत्यक्ष माहितीसाठी फक्त ८ बाइट्स उरू शकतात. ३२ किलोबाइटचे १७ भाग एकत्र आले की ६९,६३२ तुकडे होतात. हिशेब रकान्याबाहेर जातो आणि कर्नल काम थांबवतो.

चाचणीतील खरी अडचण येथेच आहे. टीसीपीचे वर्तन पॅकेटांचा क्रम, वेळ आणि आकार यांवर अवलंबून असते. या तिन्हींच्या संयोगांना अंत नाही. प्रत्यक्ष नेटवर्कवर तीच परिस्थिती हुबेहूब पुन्हा घडवणेही कठीण असते.

त्यासाठी गूगलच्या अभियंत्यांनी २०१३ मध्ये ‘पॅकेटड्रिल’ हे मुक्तस्रोत साधन सादर केले. अमुक मिलिसेकंदाला अमुक पॅकेट आले, तर कर्नलने कोणते उत्तर द्यावे, हे चाचणी लिहिणारा आधीच नोंदवतो. आभासी नेटवर्क उपकरणाच्या साहाय्याने ती पॅकेटे एकाच संगणकावर कर्नलपुढे ठेवली जातात. उत्तर किंवा त्याची वेळ चुकली, की चाचणी नापास होते. एकदा दुरुस्त झालेली चूक नव्या बदलांबरोबर परत आल्यास ती अशा चाचणीत लगेच पकडली जाते.

परंतु कोणाच्या कल्पनेतच न आलेल्या परिस्थितीची चाचणी कोणी लिहीत नाही. ही उणीव ‘फझिंग’ काही अंशी भरून काढते. ‘सिझकॉलर’सारखे साधन यादृच्छिक आज्ञा आणि पॅकेटे कर्नलवर सोडत राहते. कोडचा नवा भाग ज्यामुळे चालतो, ती उदाहरणे जपून त्यांत आणखी फेरफार करते. फझिंगमुळे कर्नल कोसळल्याचे तत्काळ कळते. मात्र एखादे उत्तर नियमाप्रमाणे आहे की नाही, हे ते सहसा सांगू शकत नाही. म्हणून दोन्ही पद्धतींची गरज राहते.

‘सॅक पॅनिक’वरील दुरुस्ती त्रुटी जाहीर होतानाच उपलब्ध झाली. मात्र ती प्रत्येक सर्व्हरवर बसवावी लागली. चाचणीतून निसटलेल्या चुकीपासूनचे संरक्षण अखेर वेळेवर केलेल्या अद्ययावतीकरणावरच अवलंबून असते.