ज्वारीच्या रानांत संख्याशास्त्राचा पहिला पाठ

महाविद्यालयांत संख्याशास्त्राच्या प्रारंभींच्या वर्गांत विद्यार्थ्यास स्वतः आंकडे गोळा करून एक लहान प्रयोग पुरा करावा लागतो. ज्या शेतकरी बंधूंचीं मुलें या वर्गांत आहेत, त्यांनीं हा प्रयोग सुगींत घरच्या ज्वारीवर करवून घ्यावा, अशी आमची सूचना आहे.

प्रश्न एकच ठेवावा : या रानांत एकरीं धान्य किती? शेताची लांबी व रुंदी पावलांनीं मोजून तितक्या क्रमांकांच्या चिठ्ठ्या दोन गाडग्यांत घालाव्या. प्रत्येकांतून एक चिठ्ठी काढावी व तितकीं पावलें आंत जाऊन ५ मीटर लांब, ५ मीटर रुंद असा चौकोन दोरीनें आंखावा. तुकडा बांधाबाहेर जात असेल तरच पुन्हा चिठ्ठी काढावी. असे पांच तुकडे कापून, मळून, धान्य सारखें वाळवून वजन करावें.

चिठ्ठीनें खडकाळ जागा दाखविली तरी ती बदलूं नये. तीही शेताचाच भाग आहे. डोळ्यांनीं निवडलेला तुकडा बहुधा भरघोसच असतो. दोरीवरचीं ताटें आंत ओढण्याचा मोहही टाळावा. सातारा जिल्ह्यांतील बुध गांवीं १९११ सालीं जन्मलेले डॉ. पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनीं १९४६ सालीं दाखवून दिलें कीं, तुकडा फार लहान घेतल्यास उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण उघड आहे : तुकडा जितका लहान, तितका कडेच्या ताटांचा वांटा मोठा.

समजा, वजनें २.५, ३.५, ३, ४ व २ किलो भरलीं. सरासरी ३ किलो. तिला १६२ नीं गुणिलें असतां एकरीं ४८६ किलो येतात. परंतु येथें थांबूं नये. वजनांतील फरक पाहतां, खरें उत्पन्न सुमारें सव्वातीन ते साडेसहा क्विंटलांमध्यें कोठेंही असूं शकेल, एवढेंच हे पांच तुकडे सांगतात. ही अनिश्चितता साधारण निम्मी करावयाची तर तुकडे चौपट, म्हणजे वीस, घ्यावे लागतील. शेजाऱ्याचें बियाणें एकरीं अर्धा क्विंटल अधिक देतें, असें पांच तुकड्यांवरून कोणी सांगूं लागल्यास त्यावर पैसा खर्चण्यापूर्वीं हें आठवावें.

शेवटीं खळ्यावर सर्व ज्वारी मोजून, तींत तुकड्यांचें धान्य मिळवून, अंदाज ताडून पाहावा. इतर विद्यार्थ्यांस खरें उत्तर सहसा पाहावयास मिळत नाहीं. शेतकऱ्याच्या मुलास तें खळ्यावर मिळतें.

या पाठाचा व्यवहारांतही उपयोग आहे. २०१६ सालीं सुरू झालेल्या पंतप्रधान पीक विमा योजनेंत भरपाई ठरवितांना अशाच कापणी-प्रयोगांचा आधार घेतात. आपल्या गांवीं प्रयोग होईल त्या दिवशीं शेतकऱ्यांनीं अवश्य हजर राहावें आणि जागा कशी निवडली, दोरी कोठें पडली व वजन किती भरलें, हें स्वतः पाहावें.