मागील धडकेतील छुपी हानी

मागील धडकेतील छुपी हानी म्हणजे मागून आलेल्या वाहनाच्या धडकेने मोटारीचे होणारे, परंतु बाहेरून सहज न दिसणारे नुकसान होय. श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरी फेरीच्या गर्दीत नाशिक–त्र्यंबकेश्वर मार्गावर वाहने संथपणे सरकतात. ओल्या रस्त्यावर थांबण्याचे अंतर वाढत असल्याने अशा रांगेत कमी वेगातही मागील धडक संभवते.

कारण

बंपरचे प्लॅस्टिकचे आवरण लवचिक असल्याने दबले तरी अनेकदा पूर्ववत होते. धडकेचा जोर मात्र त्यामागील धातूच्या आडव्या पट्टीवर आणि सांगाड्यावर पडतो. हे भाग वाकले, तर पुढील अपघातात प्रवाशांना मिळणारे संरक्षण घटते.

तपासणी

- डिकीच्या झाकणाच्या दोन्ही बाजूंच्या फटी समान असाव्यात.
- स्टेपनीच्या खाचेतील पत्र्याला पडलेल्या सुरकुत्या किंवा रंगाचे तडे सांगाडा दबल्याचे सूचित करतात.
- मागील दिवे, सायलेन्सर व इंधनटाकीची गळती पाहावी.
- वाहन एका बाजूस ओढले गेल्यास चाकांचे अलाइनमेंट तपासावे.

सीएनजी मोटारीत गॅसची टाकी बहुधा डिकीतच असते. वास आल्यास इंजिन बंद करून सर्वांनी दूर जावे. टाकी, तिचे पट्टे व नळ्या तज्ज्ञाकडून तपासून घ्याव्यात.

विमा

मोटार वाहन अधिनियम, १९८८ नुसार तृतीय पक्ष विमा अनिवार्य आहे. त्यातून स्वतःच्या वाहनाची भरपाई मिळत नाही. सर्वंकष विमा असल्यास दुरुस्तीपूर्वी कंपनीस कळवावे. बंपर उघडल्यावर आढळलेले नुकसानही सर्वेक्षकास दाखवावे.