पळून आलेलं मूल आणि ‘पोलिसांचं लफडं’

कल्याणच्या फलाटावर नळाशी दहा-अकरा वर्षांचं पोरगं एकटंच बसलेलं असतं. पाठीला दप्तर, पायात चप्पल नाही; गाड्या येतात-जातात, ते जागचं हलत नाही. लोकांना दिसतं, कळतंही. तरी कोणी थांबत नाही. कारण ठरलेलं: ‘उगाच पोलिसांचं लफडं आपल्या मागे लागायचं.’

हे वाक्य शिकल्यासवरल्यांच्या तोंडून ऐकलं की चीड येते, कारण कायदा नेमका उलटा आहे. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ३१ नुसार अशा मुलाला कोणीही नागरिक बाल कल्याण समितीपुढे हजर करू शकतो. मूल स्वतःही जाऊ शकतं. बहुतेकांना तेवढंही करावं लागत नाही. १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, रात्रंदिवस चालतो. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेतून ही सेवा सुरू झाली. आता सरकार चालवतं, नंबर तोच. स्टेशनात रेल्वे सुरक्षा दलाच्या जवानाला सांगितलं तरी चालतं.

गुन्हा कळवण्यात नाही, न कळवण्यात आहे. हरवलेलं मूल ताब्यात घेऊन २४ तासांत कळवलं नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. त्यामुळे ‘चार दिवस घरी ठेवू, खाऊपिऊ घालू’ हा चांगुलपणा अंगाशी येऊ शकतो.

तिकीट काढून गावच्या गाडीत बसवून देणं तर त्याहून घातक. घरच्या माराला कंटाळून पळालेलं मूल पुन्हा त्याच हातांत पडतं. समिती आधी घरची चौकशी करवते. तोवर मुलाला बालगृहात किंवा खुल्या निवारागृहात ठेवता येतं.

‘बालगृह म्हणजे रिमांड होमच.’ नाही. गुन्ह्याचा आरोप असलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृह असतं, बालगृह वेगळं.

‘मूल हरवल्याची तक्रार २४ तासांनीच घेतात.’ साफ खोटं. अशा तक्रारीवर गुन्हा नोंदवायचा, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्येच बजावलंय.

‘फोटो ग्रुपवर टाकला की आईबाप सापडतात.’ अशा मुलाची ओळख जाहीर करायला कलम ७४ ची बंदी आहे, आणि तो फोटो कोणाच्या हाती पडेल याचा नेम नसतो. त्याऐवजी १०९८ वर फलाट क्रमांक आणि मुलाचे कपडे सांगावेत, बिस्किटाचा पुडा द्यावा, प्रश्नांची सरबत्ती टाळावी आणि कोणी येईपर्यंत तिथून हलू नये.