जिथे चट्टीही नाही : केदारतालचा मुक्काम

गंगोत्रीची यात्रा करून आलेल्या मंडळींना मंदिर आठवते, भागीरथीचा घाट आठवतो, सूर्यकुंडाचा गर्जणारा प्रपात आठवतो. परंतु मंदिरासमोरच्या तीरावरून, कड्यांच्या चिंचोळ्या घळीतून धावत येऊन भागीरथीला मिळणारा दुसरा एक प्रवाह फार थोड्यांच्या ध्यानात राहतो. ती केदारगंगा. तिच्या उगमाकडे जाणारी पायवाट तिथूनच वर चढते. सुमारे १७ किलोमीटर चालून गेले की ४,७५० मीटर, म्हणजे साडेपंधरा हजार फूट उंचीवर एक लहानसे तळे लागते. त्याचे नाव केदारताल. हलाहल प्राशन केल्यावर अंगाचा दाह शमावा म्हणून शंकराने या तळ्याचे पाणी प्यायले, अशी तिकडची आख्यायिका आहे. आख्यायिकेचे काहीही असो, केदारगंगा भागीरथीला मिळते ही गोष्ट तर उघड डोळ्यांनी दिसते. तेव्हा हरिद्वारहून किंवा काशीहून आणून आपण देवघरात ठेवलेल्या गंगेच्या गडूत या तळ्याचाही काही अंश असणारच.

हिमालयातील जुन्या यात्रेत चट्टीला फार मोठे स्थान होते. बडोद्याचे गंगनाथ विद्यालय सुटल्यावर काकासाहेब कालेलकर १९१२ साली हिमालयात पायी हिंडले, त्या काळी यात्रेकरू चट्टी ते चट्टी असाच प्रवास करीत. चट्टीवाल्याकडून पीठ-डाळ विकत घेतली की स्वयंपाकाला भांडी आणि पथारीला जागा मिळे. सोय बेताचीच, पण छप्पर होते, चूल होती, चार माणसांची सोबत होती. केदारतालच्या वाटेवर यांतले काहीच नाही. ना धर्मशाळा, ना टपरी, ना दवाखाना. राहुटी, अंथरूण, शिधा, इंधन सारे पाठीवर न्यायचे आणि उरलेसुरले पाठीवरच परत आणायचे. आपल्या घरांतील मुलेमुली हल्ली अशा मुक्कामाला हौसेने जातात. त्यांना अडवावे असे मी मुळीच म्हणणार नाही. मात्र ‘तिथे काहीच नाही’ या तीन शब्दांचा अर्थ निघण्यापूर्वी नीट समजलेला असावा, आणि तो जाणाऱ्यांइतकाच घरी राहणाऱ्यांनाही ठाऊक असावा.

वाटेचे तीन टप्पे आहेत. गंगोत्री सुमारे ३,१०० मीटरवर. तिथून आठेक किलोमीटरची खडी चढण चढून भोजखरक, सुमारे ३,८०० मीटर. पुढे चारेक किलोमीटरवर केदारखरक, सुमारे ४,२५० मीटर, आणि तिथून उरलेले पाच किलोमीटर तळ्यापर्यंत. गढवालीत खरक म्हणजे मेंढपाळांच्या उन्हाळी मुक्कामाचे गवताळ ठिकाण. भोजखरकच्या अलीकडे एका उभ्या कातळाच्या अंगाने जावे लागते. त्याला वाटाड्यांनी ‘स्पायडर वॉल’ असे इंग्रजी नाव दिले आहे, त्यावरून कल्पना यावी! भोजखरक ते केदारखरक या टप्प्यात डोंगराचा एक भाग सतत ढासळत असतो. ऊन चढून वरचे बर्फ सुटू लागले की धोंडे घरंगळतात, म्हणून हा पट्टा सकाळीच आणि न रेंगाळता पार करतात. केदारखरकचे कुरण मात्र प्रसन्न आहे. भरल नावाच्या निळसर राखी रानमेंढ्यांचे कळप तिथे चरताना दिसतात. त्यानंतर सुरू होतो तो हिमोढ, म्हणजे हिमनदीने ढकलत आणलेल्या दगडधोंड्यांचा अस्ताव्यस्त ढिगारा. पाय ठेवला तो धोंडा स्थिर असेलच याचा भरवसा नाही. हा ढिगारा संपतो तिथे एकाएकी ते हिरवट निळे पाणी समोर येते. त्याच्या मागे थलयसागर (६,९०४ मीटर) आणि भृगुपंथ (६,७७२ मीटर) ही शिखरे अशी उभी असतात की मान वर करूनच पाहावे लागते. थलयसागरचा माथा माणसाने प्रथम गाठला तो १९७९ साली, एव्हरेस्टनंतर तब्बल २६ वर्षांनी. उंची कमी असली तरी चढाई किती बिकट असेल ते यावरून दिसते.

आता मुख्य गोष्ट. ४,७५० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम साडेपाच-सहा दशांश असतो. श्वास तेवढाच घेतला तरी प्राणवायू त्याच प्रमाणात कमी मिळतो. शरीर याला सरावते, पण त्याला दिवस द्यावे लागतात. तीन हजार मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची जागा एका दिवसात पाचशे मीटरपेक्षा अधिक उंच नेऊ नये, असा वैद्यकाचा सर्वमान्य दंडक आहे. गंगोत्री ते भोजखरक हा पहिलाच टप्पा त्या मर्यादेबाहेर जातो. म्हणून गंगोत्रीत निदान दोन रात्री काढल्याखेरीज पुढे पाऊल टाकू नये. मोटारीने एका दिवसात गंगोत्री, दुसऱ्या दिवशी भोजखरक, तिसऱ्या दिवशी तळे, असा कार्यक्रम आखणारे वेळ वाचवतात खरे, पण ती बचत शरीराच्या खात्यातून केलेली असते.

डोके दुखणे, मळमळ, अन्नावरची वासना उडणे, झोप न लागणे ही पहिली लक्षणे. एवढेच असेल तर तिथेच थांबावे, वर चढू नये. झोपेत श्वासाची लय बिघडते, काही क्षण श्वास थांबल्यासारखा होतो आणि माणूस दचकून जागा होतो. शेजारी झोपलेला याने घाबरून जातो, परंतु या उंचीवर निरोगी माणसाचेही असे होते आणि ते सहसा धोक्याचे नसते. धोक्याची लक्षणे वेगळी. सरळ रेषेत चालता न येणे, बोलण्यात असंबद्धता येणे, बसल्या जागी धाप लागणे, घरघरणारा ओला खोकला. मेंदूला किंवा फुप्फुसांना सूज आल्याच्या त्या खुणा असतात, आणि त्यावर खरा उपाय एकच, ताबडतोब खाली उतरणे. सकाळपर्यंत वाट पाहण्यात प्राण गेल्याची उदाहरणे गिर्यारोहणाच्या इतिहासात कमी नाहीत. यासाठी काही गोळ्या मिळतात, पण त्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्याव्यात. मद्य आणि झोपेची औषधे तर वर्ज्यच समजावीत.

केदारतालची अडचण नेमकी इथे आहे. आजारी माणसाला रात्रीच उतरवायला हवे, आणि खाली नेणारी वाट त्या डळमळत्या हिमोढावरून जाते. धडधाकट माणसालाही ती अंधारात अवघड, मग झोकांड्या खाणाऱ्याला आधार देत ती उतरायची कशी? म्हणून निर्णय दिवसाउजेडी आणि केदारखरकला घ्यायचा असतो. तिथे रात्र सुखाची गेली, सकाळी भूक लागली, डोके दुखत नाही, तरच राहुटी घेऊन पुढे जावे. मंडळींपैकी एकाचेही बिनसले असेल तर मुक्काम केदारखरकलाच ठेवावा. प्रकृती सुधारली तर पहाटे निघून तळे पाहून दुपारपर्यंत परतावे, न सुधारली तर सोबत घेऊन खाली उतरावे. पुष्कळ जाणते वाटाडे असेच करतात. तळ्याकाठी रात्र काढली नाही तर प्रवास अपुरा राहिला, ही समजूत मला तरी पटत नाही.

प्रकृती उत्तम असेल, तर मात्र ती रात्र चुकवू नये. राहुटीची जागा पाण्यापासून निदान साठ मीटर दूर, कड्याच्या धोंड्यांच्या टप्प्याबाहेर आणि शक्य तर काठापेक्षा थोडी उंच निवडावी. रात्री थंड हवा जड होऊन खोलगट भागात साचते, त्यामुळे पाण्यालगत गारठा अधिक असतो. गवत चिरडण्यापेक्षा वाळू-खडीची जागा बरी. सूर्य शिखराआड गेला की पारा झरझर उतरतो. मे महिन्यातही रात्री तो शून्याखाली असतो आणि तळ्यावर पुष्कळदा बर्फाचा थर असतो. झोपताना बाटलीत गरम पाणी भरून, तिला लोकरी मोजा चढवून स्लीपिंग बॅगमध्ये घ्यावे. रात्रभर ऊब मिळते आणि सकाळी प्यायला न गोठलेले पाणीही. चंद्र नसेल तर आकाशगंगा अशी दिसते, की शहरात वाढलेल्या माणसाला प्रथम तो ढगच वाटावा. पहाटे वारा पडलेला असतो. थलयसागरच्या माथ्यावर उन्हाची पहिली तांबूस रेघ उमटते आणि तीच खाली पाण्यात. घटकाभराने वारा सुटतो आणि पाण्यातले चित्र मोडते.

स्वयंपाकाचे गणित गृहिणींच्या ध्यानी चटकन येईल. या उंचीवर पाणी सुमारे ८४ अंशांनाच उकळते, त्यामुळे तूरडाळ तासभर शिजवली तरी टणकच राहते. लहान प्रेशर कुकर न्यावा, नाहीतर आपल्या घरचेच जिन्नस कामाला येतात. पातळ पोहे, सातूचे पीठ, मेतकूट, गूळपापडीच्या वड्या. वजनाला हलके, शिजवायला नको आणि भूक मेलेली असतानाही घशाखाली उतरणारे. पिण्याचे पाणी मात्र तीन मिनिटे खळखळू द्यावे. साध्या ब्यूटेनच्या डब्यातून शून्याच्या आसपास वायू नीट निघत नाही, म्हणून प्रोपेन मिसळलेला डबा घ्यावा. आणि थंडी कितीही वाजली तरी बंद राहुटीत शेगडी पेटवू नये. कोंडलेल्या विषारी वायूने झोपेतच घात होतो.

शेकोटीचा मोह तर भोजखरकलाच सोडून द्यावा. तिथली झाडे भूर्जाची, म्हणजे ज्याच्या सालीवर आपल्या पूर्वजांनी ग्रंथ लिहिले त्या भोजपत्राची. त्यापलीकडे झाडच नाही. गोमुखाच्या वाटेवरील भोजबासा हे नाव याच झाडांवरून पडले, पण सरपणासाठी तोड होऊन तिथली राई जवळजवळ नाहीशी झाली. गिर्यारोहक हर्षवंती बिष्ट यांनी १९९०च्या दशकात तिथे पुन्हा भूर्जाची रोपे लावून ती जगवली. वाचकांपैकी कुणी त्या बाजूला गेले तर त्यांनी ती अवश्य पाहावीत. भूर्ज अतिशय सावकाश वाढतो. एका रात्रीच्या शेकोटीत जळते ती कित्येक वर्षांची वाढ असते.

तोच प्रकार घाणीचा. आपल्याकडे केळीची साल उकिरड्यावर टाकली की पावसाळ्यात तिची माती होते. तिथे वर्षाचे पुष्कळ महिने सारे गोठलेले, मातीचा थर वीतभर आणि कुजवणारे जंतू अगदी थोडे. टाकलेली साल पुढल्या वर्षीच्या प्रवाशालाही तशीच दिसू शकते, मग प्लॅस्टिकची तर गोष्टच नको. शौचासाठी पाण्यापासून साठ मीटर दूर वीतभर खड्डा खणून तो बुजवावा आणि कागद पिशवीत बांधून परत आणावा. हे लिहिताना संकोच वाटतो, पण न लिहिण्याचे परिणाम अधिक संकोचाचे आहेत. साबण ‘नैसर्गिक’ असला तरी तळ्यात नको. भांडी रेतीने घासून धुवण दूर मातीत जिरवावे. खाली गंगोत्रीला, हरिद्वारला कुणीतरी ओंजळ भरीत असते.

हा सारा प्रदेश १९८९ साली स्थापन झालेल्या गंगोत्री राष्ट्रीय उद्यानात येतो, त्यामुळे वनखात्याचा परवाना घ्यावा लागतो. उत्तरकाशीपासून गंगोत्री सुमारे शंभर किलोमीटर. मे-जून किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर हा काळ योग्य. पावसाळ्यात या खोऱ्यात जाऊच नये. ५ ऑगस्ट २०२५ रोजी गंगोत्रीच्या अलीकडील धराली गावावर खीरगंगेचा लोंढा कसा कोसळला, ते आपण सर्वांनी पाहिले आहे. उत्तरकाशीला १९६५पासून नेहरू गिर्यारोहण संस्था आहे, आणि त्या भागात अनुभवी वाटाडे मिळतात. स्थानिक वाटाड्याखेरीज जाण्याचे धाडस करू नये. आणि भारवाहक घेतलात तर निघण्यापूर्वी त्यांचे बिछाने उघडून पाहावेत. आपल्या पिसांच्या स्लीपिंग बॅगा वाहून नेणारा माणूस स्वतः एका घोंगडीवर निघालेला असतो, असे पुष्कळदा आढळते. त्याच्यासाठीही जाड अंथरूण, बूट आणि राहुटीत जागा आहे ना, हे गंगोत्रीतच पाहून घ्यावे. वर गेल्यावर त्याची सोय करता येत नाही.